निळ्या गेटवाल्या वहिनींची धाकटी गवंडी होणार म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना, कुंपणाजवळ. मेंदी कालच छाटली, टोचणार नाही. निळ्या गेटवाल्या वहिनींच्या धाकटीचं कळलं की नाही? नाही? अहो, अख्ख्या साईनगरात झालं, आणि तुम्ही नेमक्या बडनेऱ्याला लग्नाला गेलेल्या!

दहावीला चांगले मार्क पडले तिला, पेढे आपल्याकडेही आले होते. कोरडेच होते जरा, पण ते जाऊ द्या. सगळ्यांना वाटलं, आता सायन्स, मग नीट, मग लातूर नाहीतर कोटा. वहिनींनी क्लासवाल्यांशी फीचं बोलूनही ठेवलं होतं. आणि परवा काय झालं, भरल्या घरात ताटं वाढलेली, अकोल्याची आत्या आलेली, मोठे काका बसलेले, आणि ही पोट्टी म्हणते कशी, "मी आयटीआयचा फॉर्म भरते. बांधकामाचा."

आत्याला आधी वाटलं, आर्किटेक्ट म्हणते आहे. ती कौतुकानं म्हणाली, "छान गं, पुण्याला का?" तर ही म्हणाली, "नाही आत्या. गवंडी. ते नाही मिळालं तर ड्राफ्ट्समन सिव्हिल. पण पहिला पर्याय गवंडी."

आत्यानं मोडलेला घास परत ताटात ठेवला. वहिनी वरणाची पळी हातात घेऊन तशाच उभ्या. मोठ्या काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला, बातम्याही नव्हत्या, जाहिरात चालू होती. मी काही तिथं नव्हते हो. त्यांच्याकडे पोळ्या करायला येते ना, तिनं मला सगळं बसून सांगितलं. चहा दोनदा गरम केला मी.

आणि हे सगळं कशामुळे? मोबाइलमुळे!

मोबाइलनं पोरं बिघडतात हे ऐकलं होतं, पण मोबाइलनं गवंडी झालेली आपण कुठं पाहिली? करणी त्या भाच्याची. वहिनींचा नाही का, पुण्याला हिंजवडीत असतो, जाड चष्म्याचा, मे महिन्यात आला होता. त्याची कंपनी ते ऑगमेंटेड रिॲलिटी का काय करते. मलाही आधी कळलं नव्हतं. पण ते लॉकडाऊनमधलं आठवा, २०२० सालचं. गुगलवर वाघ शोधला की फोनमधून हॉलमध्ये वाघ उभा राहायचा. मेळघाटात जिप्सीचे पैसे भरूनही आम्हाला शेपटीचं टोक दिसलं नाही, आणि हा आमच्या दिवाणापुढे पंजे चाटत होता! सासूबाईंनी पाय वर घेतले होते. तेच हे. अंगण आपलंच, तुळस आपलीच, फक्त त्यात नसलेली वस्तू असल्यासारखी दिसते. डोळ्यांवर डबा बांधून सगळं जगच वेगळं दाखवतात ते व्हर्च्युअल, ते निराळं.

तर काय सांगत होते... हं, भाचा. त्यांचं एक ॲप तयार होतंय, शाळेतल्या मुलांना बांधकामातले धंदे दाखवायचं. ट्रायल म्हणून त्यानं संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. वहिनींनी हौसेनं हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, ती नवीन फरशी दाखवायची होती ना. आणि नेमकं त्या फरशीवर काही दिसेचना! भाचा फोन इकडे फिरवतो, तिकडे फिरवतो. मग म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याला जमिनीवर खुणा लागतात, ठिपके, कडा, काहीतरी. एवढ्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर त्याला जमीन कुठं आहे तेच कळत नाही." वहिनींचा चेहरा पाहायला हवा होता. एवढी महागाची फरशी, आणि फोनला ती दिसतच नाही! शेवटी सगळे अंगणात, त्या जुन्या पेव्हिंग ब्लॉकवर. तिथं लगेच पकडलं.

गच्चीवाल्या मावशींच्या मुलाच्या फोनवर तर ॲप उघडलंच नाही. फोन नवा, हप्ते चालू. पण नुसता कॅमेरा चांगला असून भागत नाही म्हणे, फोन किती कलला, किती वळला हे ओळखणारे सेन्सरही तसे लागतात, आणि गुगलच्या यादीत तो फोन असावा लागतो. मावशी तेव्हापासूनच घुश्शात. त्यांचं पुढे येतंय, थांबा.

तर आधी हातभर घर दिसलं, बाहुलीचं असतं तेवढं. मग भाच्यानं दोन बोटं फाकवली आणि अहो, घर वाढत वाढत थेट कडुनिंबापर्यंत! वहिनींच्या सासूबाई काठी टेकत उठल्या, फोन हातात धरून निघाल्या आत. दाराशी थांबल्या आणि म्हणतात, "माय बाई, चपला काढू का वो?" आम्ही हसून हसून... मग आत फिरून आल्या आणि निकाल दिला, "देवघर ईशान्येले नाही."

पण खरी गंमत त्यापुढे. भाच्यानं भिंतीवर बोट ठेवलं की गिलावा निघायचा. आणखी एकदा ठेवलं की विटा निघायच्या. मग राहिल्या नुसत्या सळ्या. कॉलमच्या उभ्या सळ्या, त्यांना आवळलेल्या रिंगा, रिंगांची टोकं आत वळवलेली, स्लॅबमधून गेलेले वायरिंगचे पाइप, बाथरूमखालचे उतार. आपण इतकी वर्षं घरात राहतो, पण घर आतून असं असतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही खोटं. ज्या वस्तूला हात लावू ती कोण करतं ते सांगायचं: ही बार बेंडरनं वळवली, हा साचा सेंट्रिंगवाल्या सुतारानं बांधला, हे प्लंबरचं, हे वीजतंत्र्याचं, ही पातळी सर्व्हेअरनं दिली. काय शिकावं लागतं, किती वर्षं, पुढे काय होता येतं, सगळं.

आणि खाली! अहो, जमिनीखालीही दाखवलं. आपली काळी माती. पावसाळ्याचं बटण दाबलं की फुगायची, उन्हाळ्याचं दाबलं की आक्रसून हातहात भेगा. वरची भिंत कोपऱ्यातून तिरकी उकलत जायची, अगदी आपल्या मागच्या खोलीसारखी. आपण पंधरा वर्षं त्या मिस्त्रीला शिव्या घालतोय, आणि निम्मा दोष मातीचा! रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेले पाइल काढले, खोल जाऊन पक्के धरून बसणारे, ते कधीचेच. आपल्याला कोणी सांगितलं? माझ्या माहेरी अकोल्याकडे तर खारपाण पट्टा, तिथं गिलाव्याचे पापुद्रे दरवर्षी निघतात. वडील दरवर्षी चुना मारतात आणि दरवर्षी म्हणतात, औंदा टिकते.

बाकीची पोरं व्हिडिओ काढून पळाली. ही धाकटी मात्र फोन सोडेना. जेवायला हाक मारली तरी त्या कॉलमभोवती फिरतेच आहे. अंगणात नुसती पोरगी, आणि ती हवेला वळसे घालतेय! पलीकडच्यांनी मला येऊन विचारलं, हिला काही झालंय का म्हणून.

मग भाच्याचं लेक्चर. तो सुरू झाला की... ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव म्हणे १९९० साली बोइंग कंपनीत पडलं, विमानं बनवतात ती. कशासाठी? तर वायरिंग करणाऱ्या कामगारांसाठी! मोठ्या मोठ्या फळ्यांवर वायरी अंथरायच्या, आकृती बघून बघून मान मोडायची, तर आकृती डोळ्यांपुढेच दिसावी म्हणून. म्हणजे बघा, हे मुळात कामगारासाठी निघालेलं, आणि आपल्याकडे पोचलं ते पोकेमॉन पकडायला, २०१६ मध्ये. आमच्या दिरांचा मुलगा तेव्हा त्या पोकेमॉनमागे नाल्यात पडला होता, आठवतं ना? पुढे हेल्मेटलाच चष्मा जोडलेला निघाला, साइटवर घालायचा, भिंतीतला पाइप भिंत फोडायच्या आधी दिसतो. मात्र ज्या चष्म्यावर ते चालायचं तो बनवणं मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये बंद केलं. भाचा हे सांगताना एवढासा झाला होता, त्याची नोकरी त्यातलीच ना. तिकडे इंग्लंडात बांधकामवाल्यांच्या संस्थेनं २०१६ सालीच माइनक्राफ्टच्या खेळातून बारा-चौदा वर्षांच्या पोरांना बांधकाम शिकवायला घेतलं होतं.

"आपल्याकडे आहे का काही?" मी विचारलं. आहे हो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या कौशल्य खात्यानं मेटाबरोबर ठरवलं, तेच फेसबुकवाले, की राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये अशी पाच केंद्रं काढायची. कुठं कुठं? हैदराबाद, बंगळुरू, जोधपूर, चेन्नई, कानपूर. मी बोटं मोजून थांबले. पुढे आपलं नाव येईल म्हणून वाट पाहत होते. नागपूर नाही, पुणे नाही, मुंबई नाही! आणि त्याच महिन्यात, २० सप्टेंबरला, पंतप्रधान इथं वर्ध्याला येऊन गेले, विश्वकर्मा योजनेच्या पहिल्या वर्षाच्या कार्यक्रमाला. आपल्या अमरावतीच्या टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजनही तिथूनच केलं. त्या योजनेत अठरा धंदे आहेत, त्यात राजमिस्त्रीही आहे, सुतारही आहे. हत्यारांना पंधरा हजार, शिकताना रोजचे पाचशे. म्हणजे गवंड्याला पैसे द्यायला सरकार तयार आहे, मुलगी द्यायला कोणी तयार नाही!

हे मी बोलले आणि आपले रिटायर्ड काका खुर्चीतून पुढे सरकले. झालं. रस्त्याचं सुरू. काकांपुढे बांधकाम म्हटलं की अमरावती-अकोला हायवे आलाच. पण खरं सांगू का, ते सांगतात तेव्हा मलाही भरून येतं. जून २०२२. तीन तारखेला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी लोणीपासून डांबर घालायला लागले, आणि सात तारखेला संध्याकाळी पाचला मूर्तिजापूर तालुक्यातल्या मान्याला पोचले. रात्रंदिवस. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन! गिनीज बुकात नाव. आधीचा रेकॉर्ड कतारचा, दोह्याचा, तिथं पंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. राजपथ इन्फ्राकॉन कंपनीचे नि सल्लागारांचे मिळून ७२० माणसं राबली. काका सगळं मिनिटासकट सांगतात, जसं काही स्वतःच रोलरवर बसले होते.

तर धाकटी शांतपणे म्हणाली, "काका, त्या सातशे वीसमधलं एक नाव सांगा ना."

काका एकदम गप्प. चष्मा पुसायला लागले. गडकरींचं नाव घेऊन झालं होतं आधीच.

मग म्हणाले, "अगं, पण आपला मुलगा इंजिनिअर असेल तर तोच रस्ता त्याचा." कठोरा नाक्याचं कॉलेज १९६४ सालचं, काकांच्या घरातले दोघं तिथूनच झाले, एक आता बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये, एक कॅनडात, तोही कॉम्प्युटरमध्ये. दोघंही सिव्हिलचे! मी काही बोलले नाही. आमचे हे बोलले. त्यानंतर काकांनी आमच्याकडून पेपर नेणं बंद केलंय.

तर काय सांगत होते... हं, गच्चीवाल्या मावशी. परवाच्या त्या ताटांच्या प्रकारानंतर त्या सगळ्यांत पुढे. वहिनींकडे जाऊन म्हणाल्या, "मजुरीचं काम हो ते! लोकं काय म्हनतीन? पोरीच्या बायोडाटात काय लिवसान?" वहिनी बिचाऱ्या रडायच्याच राहिल्या. आणि तेवढ्यात आजीनं, त्याच काठीवाल्या, बसल्या जागेवरून विचारलं, "काहून वो, तुमचा भांड्याचा संच आला का घरी?"

अहो, मावशींचं तोंड एवढंसं झालं! तुम्हाला माहीत आहेच की. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची ती नोंदणी. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, मग सेफ्टीची पेटी मिळते, भांड्यांचा संच मिळतो, पोरांना शिष्यवृत्ती मिळते. खऱ्या मजुरांसाठी किती चांगली गोष्ट आहे ती, बिल्डरकडून घेतलेल्या एक टक्का सेसचा पैसा आहे तो. पण मावशींनी आयुष्यात कधी घमेलं उचललं? कुंडीतली माती बदलायलाही माणूस लावतात! तरी रांगेत पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, आमच्या पेपरवाल्यानं पाहिलंय. म्हणजे भांडी घ्यायला आपण बांधकाम कामगार, आणि पोरगी शिकून कामगार होते म्हटलं की नाक मुरडायचं. कुकर चांगला आहे म्हणे संचातला.

आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडगेबाबानं काय कमी बांधलं? ऋणमोचनले पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूरले धर्मशाळा, नाशिकले धर्मशाळा, आळंदीले, देहूले. स्वतःले खापराचं गाडगं नि चिंध्या." आता ज्यांची समाधी आपल्या गाडगेनगरात, ज्यांच्या नावाचं विद्यापीठ, त्यांच्यापुढे कोण बोलणार? पण मला आजींचं दुसरं वाक्य जास्त लागलं. म्हणाल्या, "बाया बांधकामावर नसतात असं कोन म्हनते? टोपलं बाईच उचलते. थापी तेवढी तिच्या हाती देत नाहीत."

खरं आहे की नाही? कुठल्याही साइटवर बघा. रेजा असतात, डोक्यावर घमेली, झाडाला साडीची झोळी, झोळीत लेकरू. वाळू चाळायची, विटा वाहायच्या, पाणी मारायचं. वर्षानुवर्षं मिस्त्रीच्या बाजूला उभ्या असतात, त्याच्याआधी त्यांना कळतं माल पातळ झाला ते. पण बाई मिस्त्री झालेली मी तरी अमरावतीत पाहिली नाही, अकोल्यातही नाही. मजुरी मिस्त्रीपेक्षा कितीतरी कमी. त्या ॲपमध्ये मात्र गवंड्याच्या जागी बाई उभी होती, हेल्मेट घातलेली. भाच्याला विचारलं तर म्हणतो, डिझाइनवाल्यांनी सहज टाकली. सहज! आणि आमची धाकटी तेवढ्यावर फिरली. तिनंच मला सांगितलं, "काकू, मी पहिल्यांदाच बघितलं की बाईच्या हातात थापी छान दिसते."

आता ऐका, खरी बातमी पुढे आहे. तिसऱ्या प्लॉटवर मास्तरांचं घर चाललंय ना, तिथं स्लॅबची तयारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार, मिक्सर येऊन उभा. ही संध्याकाळी तिथून दूध घेऊन चाललेली. वर बघते तर सळ्या थेट प्लायवर लोळताहेत. ठेकेदार खाली उभा होता... नाव घेत नाही मी, तुम्हाला कळलं कोण. ही म्हणते, "काका, सळ्यांखाली कव्हरचे ठोकळे कुठं आहेत? स्लॅबला वीस मिलिमीटर कव्हर लागतं ना?"

ठेकेदार हसला. म्हणाला, "जाय बेटा, अभ्यास कर." पण मास्तर तिथंच, नळीनं टाकी भरत होते. मास्तरांनी नळी खाली टाकली. "काय म्हणालीस बाळ? कव्हर म्हणजे?" हिनं सगळं सांगितलं. सळईच्या खाली काँक्रीट नसेल तर हवा लागते, ओल लागते, सळई गंजते, गंजून फुगते आणि मग छताचे पोपडे पडतात. स्लॅबला वीस, कॉलमला चाळीस, पायाला पन्नास. मास्तरांनी ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदारानं मिस्त्रीकडे बघितलं. आणि तो म्हातारा मिस्त्री, पांढऱ्या मिशीचा, बिडी विझवून म्हणतो, "पोट्टी बरोबर बोलून राहिली, साहेब. म्या सकाऊनच सांगतलं होतं, ठोकळे पाठवा म्हून."

ठेकेदाराचा रंगच उडाला. मास्तरीणबाईंनी तर तिथल्या तिथं स्लॅब थांबवला. ठोकळे आले रात्री नऊला, टेम्पोनं.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीनंच तिला बोलावून विचारलं, तुले हे शिकवलं कोणी? हिनं फोन दाखवला. त्यानं हात पुसून फोन धरला, त्या खोट्या भिंतीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणतो, "चांगलं हाय. पन याच्यात भिंत आधीच सरळ हाय. ओळंबा कुठं लावाचा मंग?"

मी तिथं होते हो या वेळी, कढीपत्ता आणायला गेले होते. आणि मला वाटलं, एवढे भाच्याचे पगार, एवढे चष्मे, पण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. फोनमधल्या विटेला वजन नाही. माल थापीवरून घसरत नाही. आणि ऊन? अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं! धाकटी आत्याकडे गेली होती तेव्हा तिथल्या मैत्रिणींना दाखवायला गच्चीवर गेली, तर फोन तापला आणि बंदच पडला. वर लिहून आलं, थंड झाल्यावर वापरा. शेजारच्या साइटवर माणसं पाट्या टाकतच होती. आत्यानं तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण तिला वाटलं पोरगी रील बनवते आहे.

मिस्त्रीचं एक सांगायचं राहिलं. त्याचा स्वतःचा मुलगा या कामात नाही. मोबाइलच्या दुकानात आहे, राजकमल चौकात, पगार बापाच्या निम्मा. "पन सावलीत असते," म्हणाला. तो ज्यांच्याकडून शिकला ते गेले, आणि याच्याकडून शिकायला कोणी नाही. आता धाकटी जाते तिथं, आयटीआय सुरू व्हायचं आहे तोवर. तो तिला दोरी धरायला देतो, गुण्या लावून दाखवतो. परवा चार विटा लावल्या तिनं, त्यानं तीन काढून टाकल्या. ती खूश! म्हणाली, एक राहिली.

वहिनींना माहीत नाही हे. त्यांना वाटतं, ती लायब्ररीत जाते. हे मी बोलले म्हणून सांगू नका हं.

फॉर्मचं? भरला की. ऑनलाइन असतो, पर्यायांचा क्रम लावायचा असतो. गवंडीचा ट्रेड एक वर्षाचा, ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचा. वहिनींनी भाच्याला फोन करून रडून सांगितलं, तूच लावलंस तूच काढ. तर त्यानं मधला रस्ता काढला, म्हणाला, मावशी, आधी आयटीआय करू दे, मग डिप्लोमाला जाता येतं, पुढे इंजिनिअर. इंजिनिअर म्हटल्यावर वहिनींचं जरा... आता त्या सगळ्यांना सांगतात, "सिव्हिल करते आहे." काय ट्रेड ते कोणी विचारलं की चहा टाकायला आत जातात. आत्याचा मात्र अजून फोन नाही.

आणि काल तर कहरच. तो ठेकेदार, ज्याची फजिती झाली तोच, पेढ्यांचा पुडा घेऊन वहिनींच्या दारात! वहिनींना वाटलं भांडायला आला. तर हा भाच्याचा नंबर मागायला आलेला. वलगाव रोडला त्याची स्कीम आहे ना, अजून नुसता रिकामा प्लॉट आहे, बोर्ड लावलाय. म्हणाला, "माह्याकरता बनवून द्या ते. गिऱ्हाईक प्लॉटवर उभं केलं की फोनमंधी फ्लॅट दिसला पाह्यजे."

धाकटी आतून धावत आली. म्हणाली, "काका, मग सळ्या पण टाकायला सांगते भैयाला. कव्हरसकट!"

ठेकेदारानं पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "सळ्या कोन पाह्यते बाप्पा! सोफा टाकाले सांग, सोफा."